पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग आणि प्रथिनांची साक्ष : एक आढावा

पुरुषाच्या मूत्राशयाच्या मुखाशी मूत्रमार्गाला वेढून असलेली जी छोटी ग्रंथी, जिला वैद्यकाच्या परिभाषेत पुरःस्थ ग्रंथी आणि नित्य व्यवहारात प्रोस्टेट म्हणतात, तिच्या कर्करोगाइतका चिकित्सकाला संभ्रमात पाडणारा रोग क्वचितच दुसरा असेल. अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनात या ग्रंथीत कर्करोगाची बारीक केंद्रे वारंवार आढळतात. त्या माणसांना हयातभर त्यांची वार्ता नसते आणि त्यांपासून उपसर्गही झालेला नसतो. उलट, त्याच ग्रंथीत उद्भवलेला आणि त्याच नावाने ओळखला जाणारा रोग दुसऱ्या एखाद्याच्या कण्यात, कटीच्या हाडांत आणि लसीकाग्रंथींत जाऊन रुजतो आणि काही वर्षांत त्याचा प्राण घेतो. म्हणून चिकित्सकापुढे प्रश्न एक नसून दोन असतात : रोग आहे काय, आणि असल्यास तो घातक ठरणार काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाने रक्तात उतरणाऱ्या प्रथिनांत शोधले. दुसऱ्याचे उत्तर मात्र बऱ्याच अंशी पेशीतून नाहीशा झालेल्या प्रथिनांत आहे, हे ध्यानात यायला पुढे पन्नासाहून अधिक वर्षे जावी लागली. या दोन शोधांचा इतिहास बहुधा निरनिराळा सांगितला जातो. परंतु दोन्ही एकत्र वाचल्यावाचून त्यांतील कोणत्याही एकाचा अर्थ नीट लागत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत असून त्याच दृष्टीने हा आढावा घेतला आहे.

आरंभ १९३८ सालापासून करावा लागतो. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर गटमन आणि एथेल गटमन या दांपत्याने असे दाखवून दिले की, ज्यांचा रोग पुरःस्थ ग्रंथीबाहेर पसरला आहे अशा अनेक रुग्णांच्या रक्तद्रवात आम्ल फॉस्फटेज या विकराचे प्रमाण वाढलेले असते. तीनच वर्षांनी, १९४१ साली, शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी याच विकराचा मापदंड हाती घेऊन एक युगप्रवर्तक निष्कर्ष काढला. वृषणच्छेदन केले किंवा स्त्री-संप्रेरक दिले तर रक्तातील हे विकर उतरते, आणि पुरुषी संप्रेरक टोचले तर ते पुन्हा चढते, असे त्यांना आढळले. कर्करोग म्हणजे शरीराच्या सर्व शासनातून सुटलेली स्वैर वाढ, अशी जी तोवरची समजूत होती तिला यामुळे जबर धक्का बसला. कारण हा कर्करोग पसरल्यानंतरही संप्रेरकांच्या अंमलाखालीच राहतो असे सिद्ध झाले. हगिन्स यांना १९६६ साली पेटन राऊस यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथिन हे रोगाचे केवळ लक्षण नसून उपचाराचा परिणाम जोखण्याचे साधन होऊ शकते, हा या संशोधनाचा आनुषंगिक, पण तितकाच मोलाचा लाभ होय.

तरीही आम्ल फॉस्फटेजाची मर्यादा उघड होती : ते बोलू लागे तेव्हा रोग बहुधा हाडांपर्यंत पोहोचलेला असे. या उणिवेपोटी ज्या प्रथिनाचा उदय झाला ते आज पीएसए, म्हणजे पुरःस्थ-विशिष्ट प्रतिजन, या नावाने सर्वतोमुखी झाले आहे. १९७० च्या सुमारास निरनिराळ्या देशांतील संशोधकांना ग्रंथीत व वीर्यात अशा प्रतिजनांचा सुगावा लागला होता. १९७९ साली बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत टी. मिंग चू यांच्या गटाने ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हे २३७ अमिनो आम्लांचे, प्रथिनांचे विच्छेदन करणारे विकर असून त्याचे निसर्गनियत कार्य कर्करोगाशी यत्किंचितही संबंधित नाही. स्खलनानंतर सेमेनोजेलिन नावाच्या प्रथिनामुळे वीर्य घट्ट होते. त्या सेमेनोजेलिनाचे तुकडे करून वीर्य पुन्हा पातळ करणे आणि शुक्रपेशींचा मार्ग मोकळा करणे, एवढेच त्याचे काम.

येथे एक बारकावा आहे, आणि तो न समजल्यामुळे सामान्य रुग्णाच्या मनात, क्वचित वैद्याच्याही, बराच घोटाळा माजतो. वीर्यातील पीएसएचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या सुमारे दशलक्षपट असते; म्हणजे निरोगी ग्रंथी ते विपुल प्रमाणात निर्माण करीत असते, पण नलिकांच्या अस्तरामुळे, त्यामागील तलपेशींच्या थरामुळे आणि त्याही पलीकडील तलपटलामुळे ते रक्ताच्या बाजूला जाऊ शकत नाही. कर्कपेशी निरोगी पेशीपेक्षा अधिक पीएसए बनवते असे नाही. दरपेशी हिशेब केला तर ती काहीसे कमीच बनवते. कर्करोगात मोडतो तो हा बंदोबस्त, आणि म्हणून प्रथिन रक्तात झिरपते. मात्र हाच बंदोबस्त ग्रंथीच्या दाहानेही ढिला पडतो, आणि वयोमानाने होणाऱ्या निर्दोष वाढीत ग्रंथीच मोठी झाल्याने रक्तातला अंश वाढतो. सारांश, पीएसए ग्रंथीची खूण आहे, कर्करोगाची नव्हे. त्यावरून ग्रंथीत काहीतरी बिघडले आहे हे कळते, काय बिघडले आहे ते कळत नाही.

१९८७ साली स्टॅनफर्ड येथील थॉमस स्टेमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नव्याने निदान झालेल्या आणि उपचार न झालेल्या १२७ रुग्णांपैकी १२२ जणांत पीएसए वाढलेले आढळले, तर आम्ल फॉस्फटेज अवघ्या ५७ जणांत. या तुलनेनंतर जुन्या विकराची सद्दी संपली. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने १९८६ साली रोगावर देखरेख ठेवण्यासाठी आणि १९९४ साली, बोटाने केलेल्या गुद-परीक्षेच्या जोडीने, रोग हुडकण्यासाठी या चाचणीस मंजुरी दिली, आणि मिलिलीटरमागे ४ नॅनोग्रॅम ही सीमारेषा जगभर रूढ झाली. शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर, अर्धायुष्य दोन-तीन दिवसांचेच असल्यामुळे, पीएसए काही आठवड्यांत जवळजवळ शून्यावर येते. तसे ते आले नाही किंवा येऊन पुन्हा चढू लागले, तर रोग शिल्लक आहे असा निःसंदिग्ध दाखला मिळतो. देखरेखीच्या या कामात पीएसएला आजही तोड नाही.

शोधनाच्या कामात मात्र त्याची साक्ष डळमळीत ठरली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या २,९५० पुरुषांच्या ग्रंथीचे तुकडे काढून तपासले असता त्यांपैकी १५.२ टक्के जणांत कर्करोग निघाला. म्हणजे ज्या रेषेखाली निर्धास्त राहावे अशी रेषाच अस्तित्वात नव्हती. २००९ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच वेळी आले आणि वाद पेटला. सात देशांत घेतलेल्या युरोपीय चाचणीत, नियमित पीएसए तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटलेले दिसले. पण एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० जणांची तपासणी आणि ४८ जादा रुग्णांवर उपचार करावे लागले, असा तिचा हिशेब होता. अमेरिकी चाचणीत लाभ दिसला नाही. तथापि तिच्यात ज्यांची तपासणी करायची नव्हती अशा गटातील पुष्कळांनी ती बाहेर करून घेतलेली असल्याने तिचा कौल निर्णायक मानता येत नाही. ४८ या आकड्यातील मानवी दुःख ध्यानात घेतले पाहिजे : उपचारांनंतर मूत्रावरचा ताबा जाणे आणि पुरुषत्वाची हानी होणे हे काही विरळा प्रकार नव्हेत, आणि ज्यांच्या वाट्याला ते आले त्यांतील अनेकांचा रोग निरुपद्रवीच राहिला असता. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा मंडळाने २०१२ साली या तपासणीविरुद्ध शिफारस केली, आणि २०१८ साली ५५ ते ६९ वयोगटापुरता निर्णय रुग्ण व वैद्य यांनी मिळून घ्यावा, असा फेरविचार केला.

या पेचातून सुटण्यासाठी पीएसएची साक्ष अधिक बारकाईने घेण्याचे प्रयत्न झाले. रक्तातील बहुतांश पीएसए अँटिकायमोट्रिप्सिन या प्रथिनाशी बांधलेले असते, थोडे मोकळे असते, आणि कर्करोगात या मोकळ्या भागाचे प्रमाण घटते. त्याच्या अपक्व रूपांपैकी एक कर्करोगात वाढते. आणि त्याचेच भावंड असलेले कॅलिक्रीन-२ हे प्रथिनही मोजता येते. यांच्या एकत्रित हिशेबावर उभ्या राहिलेल्या चाचण्यांनी, आणि त्याहून अधिक चुंबकीय प्रतिमांकनाने, कितीतरी पुरुषांचा सुईचा त्रास वाचवला आहे. परंतु ही सारी प्रगती पहिल्या प्रश्नाच्या कक्षेतली होय. गाठ उद्या काय करील हे जाणण्यासाठी तिला आजवर कोण आवरून धरीत होते आणि त्यांपैकी कोण नाहीसे झाले, याची चौकशी करावी लागते.

पेशीच्या वाढीला आवर घालणारी काही जनुके असतात आणि त्यांच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की अर्बुद उद्भवते, हा सिद्धांत आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली बालकांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या अर्बुदाच्या अभ्यासातून मांडला. त्या रोगावरून ज्याला आरबी हे नाव पडले ते प्रथिन पुरःस्थ ग्रंथीतही महत्त्वाचे आहे, हे १९९० साली वेन-ह्वा ली यांच्या सॅन दिएगो येथील प्रयोगशाळेतून रॉबर्ट बुकस्टीन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांनी घेतलेला डीयू-१४५ हा पेशीवंश एका रुग्णाच्या मेंदूत पसरलेल्या पुरःस्थ कर्करोगापासून तयार केलेला होता आणि त्यातील आरबी प्रथिन खंडित होते. या पेशींत आरबीचे अखंड जनुक घातले असता काचपात्रातील त्यांच्या वाढीचा वेग म्हणावा तसा बदलला नाही. पण त्याच पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत टोचल्या तेव्हा त्यांची अर्बुद उभारण्याची शक्ती नष्ट झालेली दिसली. या प्रयोगाचा मथितार्थ फार खोल आहे. निरोधक प्रथिन केवळ विभाजनाची गती रोखत नाही. जिवंत शरीरात पाय रोवण्याची जी क्षमता कर्कपेशीला कर्कपेशी बनवते, तिच्यावरच त्याचा अधिकार चालतो.

१९९७ साली न्यूयॉर्क आणि ह्यूस्टन येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधलेले, दहाव्या गुणसूत्रावरील पीटेन हे निरोधक या रोगात सर्वांत अधिक अभ्यासले गेले आहे. पेशीच्या आवरणातील एका विशिष्ट स्निग्ध रेणूवरून फॉस्फेट काढून घेणे हे त्याचे कार्य. तो फॉस्फेट जागेवर राहिला तर एकेटी नावाचे प्रथिन चेतवले जाते आणि पेशीला जगण्याची व वाढण्याची अखंड आज्ञा मिळत राहते. गंमतीची नव्हे, तर चिंतेची गोष्ट अशी की, ही एकेटीची वाट आणि पुरुषी संप्रेरकाच्या ग्राहक-प्रथिनाची वाट परस्परांना दाबून असतात, असे २०११ मधील प्रयोगांत आढळले. एक रोखली की दुसरी उसळते. ज्याच्या गाठीत पीटेन नाही त्याला केवळ संप्रेरक-निरोधाचा उपचार अपुरा पडण्याचे एक कारण यात असावे. दोन्ही वाटा एकदम रोखण्यासाठी इपाटासर्टिब आणि अबिराटेरोन ही औषधे एकत्र देऊन पाहिलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पीटेन गमावलेल्या रुग्णांत रोग प्रतिमांवर पुढे सरकण्यापूर्वीची मुदत १६.५ महिन्यांवरून १८.५ महिने झाली. लाभ माफक आहे. परंतु निरोधकाचा अभाव पाहून उपचार ठरवण्याची दिशा त्याने दाखवली.

निरोधकांत परस्परसंबंधही असतात. उंदरांच्या पुरःस्थ ग्रंथीतून पीटेन पूर्णपणे काढले असता पेशी बेफाम वाढण्याऐवजी अकाली जरठ होऊन थांबतात, कारण पी-५३ हे दुसरे निरोधक जागे होते. पी-५३ही काढले की मात्र रोग आक्रमक होतो. २००५ सालच्या या निरीक्षणाने हे स्पष्ट झाले की निरोधकांची हानी कोणत्या क्रमाने होते यालाही अर्थ असतो. आठव्या गुणसूत्रावरील एनकेएक्स-३.१ हे पुरःस्थ ग्रंथीची ओळख राखणारे प्रथिन अगदी आरंभी घटते. जीएसटीपी-१ हे विषारी द्रव्यांपासून पेशीचे रक्षण करणारे प्रथिन बहुसंख्य गाठींत दिसत नाही. त्याचे जनुक शाबूत असते, पण त्यावर मेथिल गटांचा थर चढून ते मुके झालेले असते. पी-२७ हे निरोधकही बहुधा जनुकाच्या दोषाने नव्हे, तर तयार झालेले प्रथिन वाजवीहून लवकर मोडीत निघाल्याने कमी पडते. १९९५ साली ओळखले गेलेले काय-१ हे तर गाठीच्या जन्माला नव्हे, तिच्या दूरवरच्या प्रसाराला अटकाव करणारे. पसरलेल्या रोगात त्याची पातळी खालावलेली असते. यांतील कित्येकांचा ऱ्हास केवळ जनुक वाचून कळणारा नाही; प्रथिन प्रत्यक्ष पाहावेच लागते.

ते पाहण्याची रीत साधी आहे. सुईने काढलेला ऊतकाचा तुकडा मेणात बसवून त्याचे पातळ काप घेतात आणि पीटेनला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने ते रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी ग्रंथी आणि त्यांच्यामधील आधार-ऊतक तपकिरी दिसते, आणि त्याच कापात, शेजारीच, पीटेन गमावलेली कर्क-ग्रंथी निळसर कोरी राहते; शेजारचा तपकिरी रंग हीच रंगकाम बरोबर झाल्याची खातरजमा. पी-५३ बाबत वाचन थोडे उलटे करावे लागते : निरोगी पेशीत हे प्रथिन सतत नष्ट केले जात असल्याने क्वचितच दिसते, पण विशिष्ट उत्परिवर्तनाने बिघडलेले पी-५३ साचत जाऊन केंद्रक गडद रंगते. म्हणून त्याचा संपूर्ण अभाव आणि त्याचा अतिरेक, दोन्ही धोक्याचे इशारे होत.

आता दोन इतिहास जेथे एकमेकांना भिडतात त्या स्थळी आपण आलो. पीएसएचे जनुक पुरुषी संप्रेरकाच्या ग्राहकाच्या आज्ञेवर चालते. म्हणजे रक्तातील पीएसए हे त्या ग्राहकाचा अंमल चालू असल्याचे निदर्शक असते. हा अंमलच उठला तर? प्रयोगशाळांत दशकानुदशके वापरले जाणारे तीन पेशीवंश या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. लसीकाग्रंथीतून घेतलेल्या एलएनकॅप या वंशात पीटेन निकामी असले तरी आरबी आणि पी-५३ शाबूत आहेत, आणि तो पीएसए बनवतो. हाडातून घेतलेल्या पीसी-३ मध्ये पी-५३ नाही. डीयू-१४५ मध्ये आरबी आणि पी-५३ दोन्ही बिघडलेले. आणि हे दोन्ही वंश पीएसए बनवत नाहीत. तीन वंशांवरून नियम सिद्ध होत नाही. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन संशोधनांनी दाखवले की आरबी आणि पी-५३ एकत्र गेले की पुरःस्थ कर्कपेशी आपली मूळ ओळख टाकून चेता-अंतःस्रावी पेशींचे गुण धारण करू शकते आणि संप्रेरक-निरोधाला दाद देईनाशी होते. अशा रुग्णाचे पीएसए कमी असते, यकृतात आणि हाडांत रोग फोफावत असतो, आणि आकड्यावर विसंबलेले कुटुंब निश्चिंत राहते. दर्शक प्रथिनाचे मौन हे आरोग्याचे चिन्ह की निरोधकांच्या नाशाचे, हे निरोधकांकडे पाहिल्यावाचून ठरवता येत नाही.

हीच गोष्ट उपचाराचे लक्ष्य झालेल्या पीएसएमए या प्रथिनालाही लागू पडते. पेशीच्या पृष्ठभागावरील या प्रथिनाला चिकटणारा रेणू किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ ला जोडून दिला असता, २०२१ साली जाहीर झालेल्या चाचणीत प्रगत रोगाच्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान ११.३ महिन्यांवरून १५.३ महिने झाले. हे ल्युटेशियम ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात, ध्रुव अणुभट्टीत, तयार होते, ही महाराष्ट्राला अभिमानाची बाब होय. पण चेता-अंतःस्रावी रूप घेतलेल्या गाठीत पीएसएमएही पुष्कळदा लोपते, आणि मग लक्ष्यच उरत नाही.

आपल्याकडील परिस्थितीचा विचार केला, तर मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची नोंदवही ठेवली जात आहे, आणि भारतातील या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून बरेच कमी असले तरी शहरांत ते वाढते आहे. पाश्चात्त्य देशांत निरुपद्रवी रोगाचे अतिनिदान हा मुख्य प्रश्न. येथे अनेक रुग्ण लघवी तुंबल्यावर किंवा कंबरदुखीवर महिनोन्महिने अन्य इलाज करून झाल्यावर, म्हणजे रोग हाडांत गेल्यावरच, रुग्णालयात येतात. तेव्हा परदेशातील वाद जसाच्या तसा उचलून येथे पीएसए चाचणीचा पुरस्कार किंवा धिक्कार करणे सारखेच अविचाराचे. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाला मूत्रविकाराची लक्षणे असतील, किंवा त्याच्या कुटुंबात पुरःस्थ ग्रंथीचा वा स्त्रियांत स्तनाचा व बीजकोशाचा कर्करोग असेल (कारण बीआरसीए-२ या दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनाचे दोषयुक्त जनुक या सर्वांच्या मुळाशी असू शकते), तर चाचणी टाळणे धोक्याचे आहे. आणि चाचणीचा आकडा वाढलेला दिसताच घाबरून शस्त्रक्रियेस उभे राहणे हेही तितकेच गैर.

याहून महत्त्वाची सूचना विकृतिशास्त्राच्या विभागांना उद्देशून करावीशी वाटते. संपूर्ण जनुकवाचन महाग आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ते आज सर्वांना परवडणारे नाही. पण पीटेन, पी-५३ आणि आरबी यांचे रंगकाम, ज्या वैद्यकीय महाविद्यालयात स्तनाच्या गाठी आज रंगवल्या जातात, तेथे त्याच साधनांनी होऊ शकते. मेणाचे ठोकळे दप्तरी असतातच. प्रत्येक प्रगत रुग्णाच्या नोंदीत पीएसएच्या आकड्याशेजारी या तीन प्रथिनांची स्थिती लिहिण्याचा परिपाठ पडला, तर कोणाच्या पीएसएवर विश्वास ठेवावा, कोणाची प्रतिमा अधिक वेळा घ्यावी आणि कोणावर केवळ संप्रेरक-निरोधाने भागणार नाही, याचा निवाडा अधिक डोळसपणे होईल. आणि आपल्या रुग्णांची आपलीच माहिती, जी आज विखुरलेली आहे, काही वर्षांत एका जागी उभी राहील.

पुरःस्थ कर्करोगाच्या प्रथिनांचा हा इतिहास पुढील काळात कोणत्या एका नव्या रक्तचाचणीने संपेल असे वाटत नाही. रक्तातील प्रथिन रोगाची चाहूल देते आणि उपचाराचा माग ठेवते. पेशीतील निरोधक प्रथिन रोगाचा स्वभाव सांगते. चाहूल ऐकून स्वभाव गृहीत धरण्याची जी चूक गेल्या तीन दशकांत हजारो पुरुषांना भोवली, आणि आकडा शांत आहे म्हणून स्वभाव न तपासण्याची जी चूक आजही काहींचा प्राण घेते, या दोन्ही टाळणे सध्याच्या ज्ञानाच्या आणि सध्याच्याच साधनांच्या आवाक्यात आहे, आणि म्हणून ते चिकित्सकाचे कर्तव्य आहे.